देणे-बाकी

मालक, रात्रीचे पावणेतीन.
खांद्याएवढी चावी घेऊन आलोय,
तुमच्या पायाशी झाकण उघडतो.
पालिकेनं व्हॉल्व्ह नेमका पुतळ्याखाली ठेवला,
म्हणून पाच दिवसांआड आपली भेट ठरलेली.
पगडीवर कबुतरांचं जे काय ते आहेच.
'दानशूर बसलिंगप्पा नागणसुरे' यातला 'दा'
मागच्या उन्हाळ्यात निखळला.
पितळी आहे. उचलून ठेवलाय घरी, खिडकीत.

तुमच्या ट्रस्टचं गोडाऊन रिकामं केलं पोरांनी,
वह्या रद्दीत निघाल्या, अकरा रुपये किलो.
एक मी घेतली. का, ते विचारू नका.
लाल कापडाची; कडेनं वाळवीनं नकाशा काढलेला.
आकडे मोडीत, शेरे कानडीत.
मोडी यलदंडी सरांनी लावली,
कानडी माझ्या बायकोनं, ती मैंदर्गीची,
भाकरी थापता थापता.

लोक सांगतात ते सगळं आहे त्यात.
धाता संवत्सराचा दुष्काळ,
नळदुर्गाकडून चालत आलेली माणसं
वखारीत, कापसाच्या गठ्ठ्यांमधे निजवलेली.
आंबिलीच्या कढया सतरा.
दवाखाना, डाक्टराचा पगार,
त्याच्या घोड्याची वैरणसुद्धा.
मुलींच्या शाळेला पाट्या चाळीस.
एके ठिकाणी नुसतंच:
'कलेक्टरसाहेबास आंबे पाठविले. नासके निघाले.'
मी हसलो. बायको हसली नाही,
तिचं बोट पुढच्या पानावर गेलं होतं.

तिथं म्युन्शिपाल्टीची सभा.
एकरुखच्या तळ्याचं पाणी गावात येणार,
नळ कुठवर न्यायचा यावर मतं.
साखर पेठेतले विणकर कर काय भरणार,
नळ अलीकडेच थांबवावा,
असं म्हणणाऱ्यांत, मालक, तुम्ही होता की ओ.
लपवलं नाही तुम्ही. स्वतःच्या अक्षरात:
'हात वर केला.'

आणि त्याच वैशाखात:
'नरसम्मा, वय नऊ, मागवाल्या राजय्याची लेक.
पहाटे आडात. घागर वर आली.'

खाली देण्याच्या बाजूला,
जिथं अडत्याचं नाव, तेल्याचं नाव, जिनवाल्याचं,
तिथंच एक ओळ:
नरसम्मा. घागर एक.

पुढल्या साली पेठेत नळ नेला, पदरच्या पैशानं,
दगडी हौद बांधला, गुरांना खालून वेगळी कुंडी.
खर्च मांडला. बाकी: घागर एक.
शाळा काढली. बाकी: घागर एक.
साहेबाच्या हातून शाल मिळाली, गाव जमला,
ती शाल जमेला धरलीच नाही तुम्ही.
अठरा पाडवे, दर पाडव्याला
नव्या पानावर पहिली ओळ तीच ओढलेली.

शेवटचं पान प्लेगच्या सालचं. अक्षर दुसऱ्याचं.
'मालक वारले. येणे वसूल करावे.'
देण्याचं काही नाही.

सर म्हणाले, बघ, आपल्यात देणं एकच शब्द,
हातानं देतो तेही, डोक्यावर असतं तेही.
मी बायकोला विचारलं, कानडीत कसं म्हणतात?
तिनं भाकरी उलटली.

असो. चावी बसली.
एकवीस आटे. शेवटचे तीन कमरेतून.
आधी हवा येते, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी,
मग नळीत काहीतरी वळतं,
मग पेठेत एक दिवा, दुसरा,
प्लास्टिकच्या घागरी दगडावर आपटल्याचा आवाज.

साहेबांनी पंचेचाळीस मिनिटं ठरवलीत.
मी सत्तेचाळीस सोडतो.
दोन मिनिटांत किती भरतात, मोजलं नाही.
तुम्ही खरं ते लिहीत होता, मालक.
मी रजिस्टरात पंचेचाळीसच लिहितो.